‘पूर्ण व्हा’ हे वचन पाठ झालं आणि लेकीची झोप उडाली

*ताई, माझी मुलगी 9 वर्षांची आहे. आमच्या संडे स्कूलमध्ये मीच शिकवते. ‘जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ हे वचन मुलांकडून पाठ करून घेतलं, आणि तेव्हापासून हिचं सगळं बिनसलंय. एक अक्षर वाकडं आलं तरी वहीचं पान फाडते. रात्रीच्या प्रार्थनेत दिवसभराच्या चुका मोजते आणि मला परत परत विचारते, ‘देव रागावला नाही ना?’ परवा धाकट्याच्या हातून दूध सांडलं, तर त्याला म्हणाली, ‘तुझ्यामुळे देव आपल्या घरावर रागावेल.’ हे म्हणतात, ध्येय उंच असलेलं बरंच की! मी वचन चुकीचं शिकवलं का? आणि मुलांना काय सांगू, कसंही वागलं तरी चालतं म्हणून? वर्गच सोडून द्यावा असं वाटायला लागलंय.*

प्रिय मैत्रिणी,

वचन बरोबरच शिकवलंत. फक्त ते एकटं शिकवलंत. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 5व्या अध्यायाची ही 48वी ओवी आहे, पण तो विषय 43व्या ओवीपासून चाललेला असतो, आणि तो आहे वैऱ्यावर प्रीती करण्याचा. देव आपला सूर्य चांगल्यांवर उगवतो तसा वाइटांवरही उगवतो, पाऊसही दोघांच्या शेतात पाडतो, असं प्रभू येशू सांगतो. जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावर तर लोक ज्यांना तुच्छ मानत ते जकातदारही प्रेम करतात, मग तुमचं विशेष ते काय, असं विचारतो. एवढं झाल्यावर मग ‘पूर्ण व्हा’ येतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या 6व्या अध्यायात शत्रूंवरच्या प्रीतीचा हाच उपदेश येतो, तिथे त्या जागी ‘जसा तुमचा पिता दयाळू आहे तसे दयाळू व्हा’ असं आहे. वळणदार अक्षर आणि डाग न पडलेली वही यांचा इथे कुठेच संबंध नाही.

म्हणून तिला हे वचन पुन्हा शिकवा, पण मागून पुढे. आधी ऊन-पावसाचं बोला. देवाचं ऊन कुणाच्या अंगणात पडत नाही, शोधून सांग म्हणा. तिला न आवडणारं एखादं मूल शाळेत असेलच. त्याच्याशी तू आज कशी वागलीस, एवढंच विचारा. ‘कसंही चालेल’ असं शिकवायची वेळच येत नाही, कारण ही परीक्षा शुद्धलेखनाच्या परीक्षेपेक्षा फार अवघड आहे. तिच्या वडिलांनाही सांगा, ध्येय उंचच राहू द्या, फक्त ते ज्या भिंतीवर टांगलंय ती भिंत चुकली आहे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट फाडलेलं पान नाही, ते दुधाचं वाक्य आहे. स्वतःला क्षणाची सूट न देणारं माणूस शेजारच्यालाही देत नाही, मग ते 9 वर्षांचं असो की 50. रात्रीच्या तिच्या यादीत अक्षर असेल, विसरलेली पट्टी असेल, भावाला जे बोलली ते मात्र नसेल, अशी मला दाट शंका आहे. तिच्या मनात चूक आणि पाप एकाच डब्यात पडले आहेत. दूध सांडणं ही चूक. ती फडक्याने पुसायची. भावाला घाबरवणं ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी त्याच्याकडे जायला लागतं. त्याच 5व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. देवाला बरं वाटावं म्हणून धडपडणाऱ्या मुलीला यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठे मिळणार?

आता रात्रीचं. ‘देव रागावला नाही ना?’ याला तुम्ही प्रत्येक वेळी ‘नाही गं’ म्हणत असाल. कोणतीही आई म्हणेल. पण त्याने मिनिटभर बरं वाटतं आणि प्रश्न पुन्हा येतो, पुढे तर त्या उत्तराचीच सवय लागते. एकदा नीट, शांतपणे सांगा. पुन्हा विचारलं तर ‘याचं उत्तर तुला ठाऊक आहे’ म्हणून जवळ घ्या आणि विषय बदला. यादी बंद करा. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणू द्या. क्षमेची मागणी तिच्यात आहेच, आणि आम्हीही इतरांना क्षमा केली आहे ही बाजूही आहे. त्यावर दिवसातली एक आनंदाची गोष्ट, की दिवा बंद. इतकं करूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, झोप किंवा जेवण तुटायला लागलं, शाळेत जायचं नाव नको झालं, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं, ताप आल्यावर डॉक्टरकडे जातोच की आपण.

घरातल्या मोठ्यांबद्दलही बोलायला हवं. तुमच्या हातून काही बिघडलं की तुम्ही काय करता, हे ती बघते. माफी मागणारी आई तिने कधी पाहिली आहे का? कलस्सैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात प्रेषित पौल बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचतील. हाच पौल फिलिप्पैकरांस लिहिताना कबूल करतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, मी पुढे धावतोय. प्रेषिताला हे लिहायला लाज वाटली नाही, तर आपल्या घरात जेवताना हे बोलायला काय हरकत आहे?

वर्ग मात्र सोडू नका. पाठांतराचे तारे लावणारा तक्ता भिंतीवर असेल तर तो काढा, असं माझं ठाम मत आहे. वचन बिनचूक म्हटलं की तारा, ही आपणच मुलांना घातलेली सवय, आणि मग ती देवालाही तक्ता घेऊन बसलेला समजली तर नवल काय? पुढच्या रविवारी लूकचा 15वा अध्याय घ्या. बापाचा पैसा उडवून घरी परतलेल्या धाकट्याची, म्हणजे उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून तुम्ही थोरल्यापासून सुरू करा. हा शहाणा मुलगा. आपण एकही आज्ञा मोडली नाही असं तो स्वतःच म्हणतो. आणि घरात मेजवानी चालू असताना रागाने बाहेर उभा राहतो, कारण धाकट्याला माफी मिळाली. बाप धाकट्याला भेटायला धावला होता, तसाच या थोरल्याची समजूत घालायलाही बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. तिथेच थांबा आणि मुलांना विचारा, पुढे काय झालं असेल. तुमच्या लेकीला पहिली संधी देऊ नका, इतरांचं ऐकू द्या. ती बोलली तर बोलली. नाही बोलली तर घरी जाताना वाटेत विचारू नका.

तुमची,
ताई