ॲकूकोबोलमध्ये दुसरी विंडो उघडली की पहिलीवर क्लिक का चालत नाही?

ॲकूकोबोल म्हणजे कोबोल या प्रोग्रामिंग भाषेचा एक प्रकार. तुम्ही विचारलंय की बिलाची विंडो अर्धवट असताना स्टॉकची उघडली, तर परत बिलावर जाता येत नाही, आणि कोपऱ्यातली फुली (बंद करण्याचं बटण) दाबली तरी स्टॉकची विंडो जात नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी मी नेमका हाच प्रोग्राम केला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कारण साधं आहे. ‘डिस्प्ले फ्लोटिंग विंडो’ने उघडलेली विंडो आपोआप मोडल असते, म्हणजे ती मिटेपर्यंत बाकीच्या अडतात. तिथे ‘मोडलेस’ लिहा, किंवा ‘इंडिपेंडंट विंडो’ वापरा.

पण खरी अडचण यानंतर सुरू होते. एका थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या एका स्वतंत्र धाग्यात) एका वेळी एकच ॲक्सेप्ट, म्हणजे वापरणाऱ्याच्या इनपुटची वाट पाहणारी आज्ञा, चालू असतो. वापरणाऱ्याने दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं की ‘सीएमडी-ॲक्टिव्हेट’ हा इव्हेंट (घडामोडीची सूचना) येतो, चालू ॲक्सेप्ट संपतो आणि सीआरटी स्टेटसमध्ये (ॲक्सेप्ट का संपला ते सांगणाऱ्या फील्डमध्ये) ९६ मिळतो. पुढे काय करायचं ते रनटाइम (प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं. म्हणून प्रत्येक विंडोचं हँडल, म्हणजे तिची ओळखखूण, उघडतानाच एका टेबलात ठेवा. ९६ आला की ‘इव्हेंट-विंडो-हँडल’ त्या टेबलाशी ताडून पाहा, ‘सेट इनपुट विंडो’ करा आणि त्या विंडोचा स्क्रीन ॲक्सेप्ट करा. हे सगळं एकाच मुख्य लूपमध्ये असू द्या. बिलाच्या पॅराग्राफमधून स्टॉकचा आणि तिथून पुन्हा बिलाचा परफॉर्म केलात (म्हणजे एकातून दुसरा चालवलात), तर गुंता सुटणार नाही.

फुलीचंही तसंच. ‘सीएमडी-क्लोज’ म्हणजे फक्त मागणी. विंडो ‘डिस्ट्रॉय’ने तुम्हीच मिटवायची. हे फार सोयीचं आहे. आमच्या स्टोअरकीपरला चलन भरता भरता फोन यायचा, घाईत फुली दाबली जायची आणि अठरा-वीस ओळी पुन्हा टाकाव्या लागायच्या. कारण मी तिथे काही न विचारता डिस्ट्रॉय केलं होतं. आता आधी ओळी मोजतो, एक जरी असली तरी विचारतो, आणि मिटवल्यावर टेबलातलं हँडल रिकामं करतो.

इव्हेंट प्रोसिजरमध्ये (इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) फाइल वाचणं, नवीन विंडो उघडणं टाळा. तिथे फक्त फ्लॅग (खूण) लावा, काम मुख्य लूपला करू द्या. ‘परफॉर्म थ्रेड’कडे, म्हणजे दुसरा थ्रेड सुरू करण्याकडे, इतक्यात वळू नका: दोन्ही थ्रेड तीच वर्किंग-स्टोरेज (प्रोग्रामच्या चलांची जागा) वापरतात, आणि एका बिलाची रक्कम दुसऱ्यात गेली तर चूक शोधायला आठवडा जातो.