चेहरा ग्रीक, अक्षरं अरबी

प्रश्न : प्रदर्शनात तांब्याचं एक जाड नाणं घेतलं. एका बाजूला केसांना फीत बांधलेलं बिनदाढीचं डोकं, उजवीकडे पाहणारं. मागे अरबी मजकूर. विकणारा ‘ग्रीक’ म्हणाला. खरं का? चिंच-मीठ लावून घासू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घासू नका. आधी ओळख. तुमचं वर्णन मार्दीनच्या अर्तुकी या तुर्की घराण्याच्या नाण्याशी जुळतं. हे शहर आज तुर्कस्तानात आहे. तिथल्या हुसामुद्दीन तिमूरताशने (११२२ ते ११५२) सेल्युकी या ग्रीक घराण्यातला राजा सातवा अँटिओकस याचा मुखवटा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. तो राजा इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला, म्हणजे मूळ आणि नक्कल यांत बाराशेहून अधिक वर्षं! हेराक्लियससारखे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटही या घराण्याच्या नाण्यांवर दिसतात. तेव्हा चांदीची टंचाई होती, म्हणून तांब्याचं नाणंही ‘दिरहम’ (एरवी चांदीच्या नाण्याचं नाव) म्हणून चाले.

वजनावरून खरं-खोटं ठरवू नका. आपल्या शिवराईसारखंच इथेही एकाच छापाच्या दोन नाण्यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा दहापट भिंगाने कड पाहा. सभोवार कानशीने घासलेली रेघ, सपाट भागात बुडबुड्यांची बारीक भोकं, अक्षरांच्या मुळाशी गुळगुळीत गोलाई दिसली, तर नाणं ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे, म्हणजे बहुधा खोटं.

आंबट पदार्थाने तांब्याची जुनी कातडी निघते, आणि तिच्यासोबत बारीक अक्षरंही जातात. काचेच्या वाटीत ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्या, रोज बदला, आठवड्याने मऊ ब्रशने मळ काढा, पूर्ण सुकवा. फिक्कट हिरवी भुकटी पुसूनही परत आली, तर आत क्लोराइड आहे. पावसाळ्यात ते झपाट्याने पोखरतं. सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डबीत ठेवा. मऊ पीव्हीसीचे खिसे टाळा.

प्रश्न : धनुर्धारी घोडामानव असलेल्या नाण्यावरचं साल कसं वाचायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ते मार्दीनच्या त्याच अर्तुकी घराण्यातल्या अर्तुक अर्सलानचं, हिजरी ५९९. घोडामानव मागे वळून स्वतःच्याच शेपटीतून निघालेल्या नागमुखावर बाण रोखतो: धनू रास आणि आपल्या ओळखीचा केतू. साल शब्दांत असतं, ‘पंचवीस’प्रमाणे आधी एकक, मग दशक, शतक मात्र शेवटी. ढोबळ हिशोब: हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२. उत्तर १२०३ येतं. नेमकं म्हणायचं तर १२०२-०३, कारण हिजरी वर्ष जानेवारीत सुरू होतंच असं नाही.