एवढी परदेशी मदत मिळूनही पॅलेस्टिनी लोकांची परिस्थिती खालावत का चालली आहे?

मदत कितीही आली तरी रोजची कमाई बंद पडल्यावर ती पुरत नाही. आणि तिथली कमाई बऱ्याच अंशी इस्रायलच्या हातात आहे.

ऑक्टोबर 2023 पूर्वी वेस्ट बँकेतले (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग) दीड लाखाहून जास्त लोक इस्रायलमध्ये आणि तिथल्या इस्रायली वसाहतींमध्ये कामाला जायचे, त्यातले बरेचसे बांधकामावर. भल्या पहाटे चेकपॉइंटवर रांग लावायची, पण मजुरी घराजवळच्या कामापेक्षा कितीतरी जास्त. हमासने 7 ऑक्टोबरला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ सगळे परवाने बंद झाले. माझ्याबरोबर वेस्ट बँकेतल्या नाब्लस शहरातला एक जण नोकरीला आहे. त्याचा भाऊ तिकडे फरशी बसवायचा. काम सुटल्यावर आधी बायकोच्या बांगड्या मोडल्या, मग किराण्याची उधारी चढली, आता मुलीचं कॉलेज थांबलंय. रिकाम्या झालेल्या कामांसाठी 2024 च्या सुरुवातीला आपल्याकडे रोहतक आणि लखनौला भरती झाली. गेलेल्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांनाही घरं चालवायची आहेत. पण ही जागा कोणाची होती, हे आपल्याला माहीत असावं.

मग सरकारी नोकरदारांचं काय? 1994 च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टाइनमध्ये येणाऱ्या मालावरचा कर इस्रायल गोळा करतं आणि 3 टक्के कापून पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे वेस्ट बँकेतला कारभार बघणाऱ्या पॅलेस्टिनी सरकारला, देतं. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा साधारण दोन-तृतीयांश भाग हाच. 2019 पासून त्यातून इस्रायली तुरुंगातल्या पॅलेस्टिनी कैद्यांच्या कुटुंबांना प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या भत्त्यांएवढी रक्कम कापली जाऊ लागली, 2023 नंतर गाझाचा वाटाही अडवला आणि मे 2025 पासून तर सगळेच पैसे रोखले गेले. शिक्षक, नर्स यांना 2021 च्या अखेरीपासूनच पगार अर्धामुर्धा मिळतोय. प्राधिकरणातला भ्रष्टाचार खरा आहे, तिथले लोकच त्यावर चिडलेले असतात. पण तो उद्या संपला तरी ही तूट भरून निघणार नाही. शिवाय स्वतःचं चलन नाही, रोजचे व्यवहार मुख्यतः इस्रायली चलनात, शेकेलमध्ये.

गाझात तर युद्ध सुरू झाल्यापासून नव्या नोटा आत येणंच थांबलं. फाटक्या नोटा चिकटवून देणारे लोक बाजारात बसू लागले, कारण जीर्ण नोट दुकानदार घेत नाही. बाहेरच्या नातेवाइकाने खात्यावर पैसे पाठवले तरी ते रोख करून देणारे दलाल 2025 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत कापून घेत होते. म्हणजे पोचलेल्या शंभरातले साठच पिठाला उरायचे.