वरच्या मजल्यावरच्या चार खाटा

प्रश्न : मी सांगलीत राहते. मला बायपोलर आजार आहे, नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत. इथल्या एका ट्रस्टच्या मानसिक आधार केंद्रात आधी पेशंट म्हणून जात होते, गेली तीन वर्षं तिथेच कामही करते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केंद्राच्या समन्वयकांनी देणगीदार बायकांसमोर माझं नाव घेऊन आजार सांगितला. पुढे देणगीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि छापील अहवालात माझा फोटो नावानिशी आला. माझ्या शिकवणीतली सहा मुलं बंद झाली. शिवाय माझ्याइतकंच काम करणाऱ्या बाकीच्या बायकांना महिना सहा हजार आणि मला अडीच हजार, कारण 'तुमचं काम हा उपचाराचाच भाग आहे'. अब्रूनुकसानीचा दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, दाव्याचं आधी संपवते. अब्रूनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष. हळदीकुंकू होऊन चौदा महिने झाले. तुम्ही लिहिलंय, 'ते आपणहून चूक कबूल करतील म्हणून थांबले.' अशीच पत्रं या दोन महिन्यांत मला आणखी तिघींची आली आणि थांबण्याचं कारण प्रत्येकीने हेच दिलंय. समोरच्याच्या सद्बुद्धीची वाट बघायची असेल तर बघा, पण एक अर्ज देऊन, त्यावर पोच घेऊन बघा. चौदा महिन्यांत तुम्ही एक ओळ लेखी दिलेली नाही. चारदा भेटलात, दोनदा रडलात, एकदा भांडलात आणि रागाच्या भरात तो ग्रुप सोडून आलात. ग्रुपबरोबर पुरावाही गेला.

अहवाल नंतर छापला असेल तर तेवढ्यापुरती मुदत शिल्लक असेलही. तरी हा दावा मी लावू दिला नसता. अब्रूनुकसानी म्हणजे तुमच्याबद्दल कुणी खोटं सांगितलं अशी तक्रार. इथे समन्वयकांनी खरंच सांगितलंय आणि दिवाणी दाव्यात खरेपणा हा पुरता बचाव आहे. म्हणजे विजयनगरच्या कोर्टात उभं राहून तुम्हाला आजार आहे की नाही यावर उलटतपासणी होणार, तीही उघड्या कोर्टात, तारखांवर तारखा पडत. जे झाकायचं होतं तेच तुम्ही कोर्ट फी भरून चव्हाट्यावर मांडणार.

आता तुमच्या पत्राच्या पाचव्या पानाकडे येते. तिथे जाता जाता लिहिलेली एक ओळ आहे : 'वर चार खाटा आहेत, महापुराच्या वेळी आणलेल्या, कुणाला फारच त्रास झाला तर दोन-तीन दिवस तिथेच ठेवतात.' सात पानांच्या पत्रात सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि तुम्ही ती कंसात टाकलीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य आस्थापना' कशाला म्हणायचं हे कलम २ मध्ये ठरवून दिलंय. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना जिथे दाखल केलं जातं, जिथे त्या राहतात किंवा ठेवल्या जातात, मग ते तात्पुरतं का असेना, ती आस्थापना. इमारत केवढी, खाटा किती, पैसे घेतात की फुकट, ट्रस्ट आहे की खासगी दवाखाना, याने फरक पडत नाही. घरी नातेवाइकांनी किंवा मित्रमंडळींनी सांभाळलं तर ते यात धरत नाहीत. नुसती शनिवारची ओपीडी, गटचर्चा आणि कागदी पिशव्यांचं काम एवढंच चालत असतं, तर तुमचं केंद्र या व्याख्येत बसवायला मला घाम फुटला असता. पण पेशंटला रात्री ठेवतात म्हटल्यावर गोष्ट बदलते.

काय बदलतं ते बघा. कलम २४ म्हणतं, आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा इतर माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. छापील अहवाल आणि व्हॉट्सॲप ग्रुप 'माध्यम' होतात का यावर समोरचा वकील वाद घालणार, आणि मी त्याला लगेच निरुत्तर करीन असं म्हणत नाही. पण त्याच कलमात पुढे आहे की गोपनीयतेचा हक्क डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. कलम २० म्हणतं, आस्थापनेत कामाची सक्ती करायची नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा. शिवाय आस्थापना म्हटली की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आली. ती नसेल तर कलम १०७ चा दंड पहिल्याच वेळी पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातो. म्हणजे फोटो, मानधन आणि नोंदणी हे तिन्ही मुद्दे त्या चार खाटांना टांगलेत.

खाटा सिद्ध झाल्या नाहीत तर सगळं संपलं का? नाही. कलम २३ मधला गोपनीयतेचा हक्क आस्थापनेला बांधलेला नाही, तो व्यक्तीचा आहे. कलम ७७ खाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो तो आस्थापनेच्या निर्णयाने नाराज झालेल्याला, 'किंवा' या कायद्याखालचे हक्क डावलले गेलेल्याला. त्या 'किंवा'वर मी अर्ज लढवीन. अडचण अशी की गुप्तता पाळण्याचं थेट कर्तव्य कलम २३ ने आरोग्य व्यावसायिकांवर टाकलंय, आणि तुमचे समन्वयक निवृत्त बँक अधिकारी. 'मी डॉक्टर नाही, मला हा नियम लागत नाही' असं ते म्हणणार. मग त्यांना आजाराचं नाव कळलं कुठून? केसपेपरवरून. आणि तो केसपेपर ऑफिसच्या बिनकुलपी कपाटात, चहाच्या डब्याशेजारी पडून असतो असं तुम्हीच लिहिलंय. शनिवारी येणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी इथून सुरू होते. त्यांना अर्जात ओढायचं की नाही हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. गावात फुकट तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ मोजके, आणि तुमचे उपचार त्यांच्याकडेच चालू आहेत.

खाटांचा पुरावा गोळा करताना एक चूक तुमच्याकडून होईल याची मला धास्ती आहे. वरच्या मजल्यावरच्या रजिस्टरचा फोटो काढू नका. त्या पानावर दुसऱ्यांची नावं आहेत, आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही भांडताय तीच तुम्ही त्यांच्याबाबतीत कराल. रजिस्टर मागवायचं काम मंडळाचं. तुम्ही फक्त एवढं लिहून ठेवा की ते कोणत्या रंगाचं आहे, कुणाच्या ताब्यात असतं, मुक्कामाच्या पेशंटसाठी डबा कुठून येतो आणि त्याचं बिल कोण भागवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही स्वतः कधी तिथे रात्री राहिलात का? पत्रात कुठेच नाही. राहिला असाल तर तारखा आठवा. स्वतःबद्दल बोलायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं नोटीस द्यायच्या आधी करा. नोटीस मिळाली की खाटा आठ दिवसांत शेजारच्या कार्यालयात जातात.

मानधनाचं. बाकीच्या बायकांच्या व्हाउचरवर 'मानधन' लिहिलेलं असतं आणि तुमच्या व्हाउचरवर 'लाभार्थी मदत', असं तुम्ही लिहिलंय. त्यावर तुम्ही तीन वर्षं दर महिन्याला सही केलीत! वाचून सही करायची सवय नाही म्हणता, पण चौथीच्या मुलांना तुम्हीच शिकवता ना की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. असो, सही झाली म्हणून हक्क गेला असं मी मानत नाही. उलट ट्रस्टने स्वतःच स्वतःला अडकवून घेतलंय. तुम्ही करता ते काम असेल तर सहा हजारांच्या जागी अडीच हजार का याचं उत्तर त्यांनी द्यायचं. तो उपचार असेल तर तो कुणी लिहून दिला, केसपेपरवर कुठल्या तारखेला नोंद आहे, डॉक्टरांची सही कुठे आहे, तुमची संमती कधी घेतली? आणि उपचारातसुद्धा भेदभाव करता येत नाही, कलम २१ तसं स्पष्ट सांगतं. त्यांनी दोहोंपैकी एक पक्कं करावं. दोन्हीकडून फायदा घेता येणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्येही मानसिक आजाराचा समावेश आहे आणि दिव्यांगत्वावरून भेदभावाला कलम ३ खाली मनाई आहे. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे त्याखाली तक्रार होऊ शकते. पण तीन वर्षांचा फरक म्हणजे सव्वा लाखाच्या घरातली रक्कम वसूल होईलच असं आश्वासन मी देणार नाही. तुम्ही नोकर की स्वयंसेविका, यावर बरंच अवलंबून आहे आणि नियुक्तीचा कागद तुमच्याकडे नाही.

ग्राहक आयोगाचं तुम्ही विचारलंत. सगळ्यांना सगळीच सेवा फुकट असेल तर ती वाट बंद. काही पेशंटकडून फी घेत असतील तर उघडी. एवढं विचारून कळवा.

धर्मादाय आयुक्तांकडे धाव घेऊन विश्वस्तांना काढून टाका म्हणायचं, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. विश्वस्तांना काढण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ ड आहे, मान्य. पण विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्टसुद्धा ज्या यंत्रणेत वर्षानुवर्षं निकालाची वाट बघत पडतो, तिथे तुमचा अर्ज कधी सुनावणीला येईल ते बघा. त्या कार्यालयात फक्त एका कामासाठी जा : ट्रस्टच्या परिशिष्ट-१ ची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, नक्कल काढा. कागदावर विश्वस्त कोण आहेत ते कळेल आणि अर्ज योग्य नावांवर जाईल.

खरी वाट पुनर्विलोकन मंडळाची. फी नाही. सुनावणी बंद दाराआड होते, आणि तुमच्यासाठी हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात, सदस्यांत मानसोपचारतज्ज्ञ असतात, आणि ज्यांनी हा आजार स्वतः भोगलाय किंवा घरात सांभाळलाय अशांनाही जागा असते. ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. मी तुम्हाला ९० दिवसांचं वचन देत नाही. कायदा २०१७ चा, पण ही मंडळं नीट चालावीत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका चालवावी लागली, आणि ज्यांच्यासाठी हा कायदा झाला त्या माणसांनी तोवर काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. याची मला चीड आहे. तरीही अर्ज इथेच करा. सांगलीसाठीचं मंडळ कुठे बसतं ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाची फी परवडत नाही म्हणता, तर या कायद्याच्या कलम २७ खाली तुम्हाला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे.

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'केंद्र बंद पडू नये, तिथे जाणाऱ्या बायकांना दुसरं काही नाही.' याच कारणाने तुम्ही चौदा महिने गप्प होतात असं मला वाटतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला बोल लावणार नाही. म्हणून अर्जात मागणी काय करायची ते नेमकं ठरवू. केंद्राला टाळं लावा असं मागायचं नाही. नोंदणी करून घ्या, केसपेपर कुलपात ठेवा, फोटो आणि नाव सगळीकडून काढा, माझ्या कामाचा मोबदला इतरांइतका करा, एवढंच. मानसिक आरोग्यसेवा कायदा मोडल्याबद्दल त्याच्या कलम १०८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, तो मुद्दा हातात असू द्या, पण आज पोलीस ठाण्यात जाऊ नका.

आता या आठवड्यात करायचं काम. ग्रुपमध्ये अजून असलेल्या तुमच्या मैत्रिणीला सांगा, तो मेसेज पुसू नको आणि मोबाईल विकू नको. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ज्या मोबाईलमध्ये मेसेज आहे त्यावरून होतं. अहवालाची एक छापील प्रत मिळवा. मग दोन वेगळे अर्ज लिहा, एकाच कागदावर नको. पहिला, मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ खाली : माझा केसपेपर आणि नोंदणीच्या वेळी मी सही केलेला फॉर्म यांची प्रत द्या. दुसरा फक्त चार ओळींचा :

'नोंदणीच्या फॉर्ममध्ये माझी माहिती व छायाचित्र वापरण्यासाठी मी काही संमती दिली असल्यास ती आजपासून मागे घेत आहे. माझे नाव, छायाचित्र व आजाराविषयीची माहिती असलेला मजकूर अहवाल, ग्रुप व फलकांवरून काढावा. माझ्या आजाराची माहिती माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही देऊ नये. पोच द्यावी.'

खाली तारीख, सही. एक प्रत केंद्रात देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर तिथे वाद न घालता स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. त्या फॉर्मवर 'संस्थेला योग्य वाटेल त्या कारणासाठी' अशी ओळ होती असं तुम्हाला अंधूक आठवतंय. अशी सरसकट संमती टिकू नये असं माझं मत आहे. पण तुम्ही ती मागे घेतली नाही तोवर प्रत्येक नव्या फोटोला ते तीच ओळ दाखवतील.

एक राहिलं. तुमच्या गोळ्या त्याच केंद्रातून मिळतात. अर्ज द्यायच्या आधी सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडीत नाव घालून घ्या, महिनाभराच्या गोळ्या घरात असू द्या. या गडबडीत झोप उडाली, जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. फॉर्मची प्रत हातात आली की दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा, त्या संमतीच्या ओळीवर तेव्हा बोलू.