होणाऱ्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. आमच्या मुलांना होईल का? लग्न मोडावं का?

मोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

मी नाशिकरोडची. दादाला कॉलेजात असताना हाच आजार निघाला. पुढे मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मध्यस्थांनी दादाचा विषय काढला आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे वहिनीच्या माहेरचं." आई पोह्यांवर खोबरं घालत होती, तिचा हात तसाच बशीवर राहिला. बाबा गप्प. पाहुणे चहा न घेता उठले. याच आत्यानं आधी दादाला डॉक्टरकडे नेऊ न देता त्र्यंबकला नारायण नागबळी करायला लावली होती. तो तेव्हा भिंतीतून आवाज येतात म्हणून कानात कापूस कोंबून बसायचा. गोळ्या त्यानंतर सुरू झाल्या.

आत्याला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. या आजाराचं एकच एक जनुक नसतं. २०२२ साली ७६ हजारांहून जास्त रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी संबंध असलेले फरक डीएनएवर २८७ जागी सापडले, आणि त्यांतला एकेक फरक धोका अगदी किंचित वाढवतो. असे फरक आईकडून येतात तसे बापाकडूनही येतात, धडधाकट माणसांतही असतात. २२व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असेल तर मात्र धोका मोठा, साधारण चारांत एकाला. पण तोही बहुतेक वेळा नव्यानंच गळतो, आईबापांपैकी कुणातच नसतो. मग माहेर कुणाचं काढणार?

तुमचं म्हणाल तर, एरवी शंभरात एखाद्याला हा आजार होतो. सख्ख्या काकाला असेल तर पुतण्यांना शंभरात चारांच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. हे आकडे युरोपातल्या जुन्या अभ्यासांचे आहेत, आणि तुमच्या माहेरीही कुणाला असेल तर हिशेब बदलतो. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी भेटा. मुलं वयात आली की गांजापासून लांब ठेवा, त्यानं धोका खरंच वाढतो.

मुलानं भावाचं आजारपण स्वतःहून सांगितलं असेल तर असं स्थळ हातचं घालवू नका. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या: दिरांच्या गोळ्या नियमित चालू आहेत का, आणि त्यांच्या आजारावरून घरात कुणी सासूबाईंना बोल लावतं का. लावत असेल, तर माझ्यासमोर हे चालणार नाही, असं होणाऱ्या नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.