लाईट आली तरी लॅपटॉप हॉटस्पॉटवरच राहतो, त्याचं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत की गुहागरला लाईट गेली की राउटर बंद, मग लॅपटॉपमधलं लिनक्स मिंट (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातं आणि लाईट आली तरी तिथेच राहतं, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, वर माजघरात वायफाय सारखं तुटतं, म्हणून फॉरमॅट मारायचा विचार आहे. फॉरमॅट अजिबात मारू नका, नवीन टाकलंत तरी हेच होणार.

हे सगळं नेटवर्कमॅनेजर, म्हणजे मिंटमधला नेट जोडणारा प्रोग्रॅम, बघतो. जोडलेलं प्रत्येक वायफाय तो लक्षात ठेवतो, आणि लॅपटॉप कशालाच जोडलेला नसेल तेव्हा त्यातलं एक निवडतो, प्रायॉरिटी सारखी असेल तर शेवटचं वापरलेलं आधी. पण एकदा हॉटस्पॉट धरला की राउटर परत आला म्हणून तो आपणहून सोडत नाही. त्यामुळे नुसती प्रायॉरिटी वाढवा असं जे सांगतात ते अर्धंच आहे.

खालच्या वायफायच्या चिन्हावरून नेटवर्क कनेक्शन्स उघडा, हॉटस्पॉट निवडून जनरलमधे आपोआप कनेक्ट व्हायची टिक काढा. घरच्या वायफायला टिक ठेवून प्रायॉरिटी १० द्या (मुळात ० असते, मोठा आकडा आधी). आता लाईट गेली की हॉटस्पॉट हाताने जोडायचा आणि आली की मोबाइलवर बंद करायचा, लॅपटॉप घरच्या वायफायवर जातो.

माजघराचं कारण बहुतेक चिऱ्याच्या भिंती. आचऱ्याला आतेच्या घरी राउटर ओटीवर आहे, तिथे मी लॅपटॉप हातात घेऊन फिरलो आणि टर्मिनलमधे (कमांड टाईप करायच्या खिडकीत) 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' (nmcli device wifi list) चालवत राहिलो, त्यात शंभरपैकी सिग्नल दिसतो. राउटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर वायफाय देतो; ओटीवर ५ वाला ८८ होता, माजघरात दोन भिंती ओलांडून २४, आणि तिथेच २.४ वाला ५७! तुमच्याकडे दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर घरच्या कनेक्शनच्या वायफाय टॅबमधे बँड बी/जी म्हणजे २.४ वर ठेवा, मग एकदा तोडून परत जोडा. ओटीवर स्पीड थोडा कमी मिळेल पण माजघरात काम तर होईल, मला तरी तेच महत्त्वाचं वाटतं.

सिग्नल चांगला असून पान उघडताना अडकत असेल तर पॉवरसेव्ह, म्हणजे वायफायची वीज वाचवायची सोय, बघा. ईटीसीच्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरमधे कॉन्फ डॉट डी हा फोल्डर आहे (/etc/NetworkManager/conf.d), तिथल्या डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन फाइलमधे ३ असेल त्याचे २ करा, २ म्हणजे बंद. त्याला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागेल, नंतर लॅपटॉप रीस्टार्ट. बॅटरी जरा लवकर उतरते.

एवढं करूनही तुटलं तर तुटल्या तुटल्या 'जर्नलसीटीएल' (journalctl, सिस्टमच्या नोंदी दाखवणारी कमांड) मधल्या नेटवर्कमॅनेजरच्या शेवटच्या वीसेक ओळी आणि वायफाय कार्डचं नाव इथे टाका, मी बघतो.