न वापरलेलं क्रेडिट कार्ड: आत्ता बंद करायचं की घरकर्ज झाल्यावर?

प्रश्न, थोडक्यात: मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आधी चाकणला नोकरीला होतो, तेव्हा २०१४ साली एक क्रेडिट कार्ड घेतलं. लिमिट १,२०,००० रुपये. बेळगावला परत आल्यापासून ते पडूनच आहे. दुसरं कार्ड २०२१ चं, रुपे, फी काही नाही, लिमिट ८०,०००. महिन्याचा ३५ हजारांपर्यंतचा खर्च त्याच्यावरच होतो आणि बिल पूर्ण भरतो. जुन्या कार्डाला वर्षाला ९९९ रुपये अधिक जीएसटी लागतो. मागच्या महिन्यात फी लागल्याचा मेसेज आला, पण कार्ड वापरलंच नाही म्हणून भरली नाही. बायको म्हणते, बंद करून टाका, २०१९ मध्ये त्याच कार्डापायी किती मनस्ताप झाला ते आठवा. मित्र म्हणतो, बंद केलंस तर सिबिल पडेल. मच्छेला प्लॉट आहे. सात-आठ महिन्यांनी घर बांधायला २५ लाखांचं कर्ज काढायचा विचार आहे. काय करू?

उत्तर:

कार्ड ठेवायचं की नाही ते नंतर बघू. हे वाचून झालं की आधी ते ११७९ रुपये भरा. ९९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की एवढेच होतात. कार्ड घासलं नाही म्हणून फी लागू नये, हे तुमचं म्हणणं माणूस म्हणून पटतं, पण बँकेच्या खात्यात ती रक्कम थकबाकी म्हणूनच उभी आहे. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की बँक ती थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, कळवू शकते. वर लेट फी, त्यावर जीएसटी, आणि महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज. कार्ड बंद केल्याने स्कोअर किती पडेल याची चिंता तुम्ही करताय, पण फी न भरल्याने त्याहून जास्त नुकसान होईल. घरकर्जाची फाईल बघणाऱ्या अधिकाऱ्याला रिपोर्टमध्ये आकडा ११७९ चा दिसतो की ११ हजारांचा, याने फार फरक पडत नाही. त्याची नजर ‘थकीत’वर जाते.

फी माफ करा म्हणून कस्टमर केअरला जरूर विचारा. कार्ड बंद करतो म्हटलं की कधी कधी अर्धी, कधी पूर्ण परत मिळते. पण आधी भरा, मग भांडा. परत मिळाली तर खात्यात जमा होईल.

आता मूळ मुद्दा. हे कार्ड बेळगावात पडून का राहिलं ते सरळ आहे. खडेबाजार, गणपत गल्ली, कुठेही जा, दुकानदार स्कॅनर पुढे करतो. तुमचं २०२१ चं कार्ड रुपे आहे, यूपीआयला जोडता येतं, म्हणून किराण्यापासून औषधांपर्यंत सगळं त्याच्यावर चालतं. जुनं कार्ड दुकानात स्वाइप मशीनशिवाय हलत नाही. म्हणजे आहे त्या रूपात पुढेही ते वापरात यायचं नाही. कायमचं सांभाळायच्या लायकीचं हे कार्ड नव्हे, एवढं वहिनींच्या बाजूने आत्ताच मान्य करतो. प्रश्न फक्त बंद कधी करायचं एवढाच आहे.

त्यासाठी हिशेब बघा. आज तुमची दोन्ही कार्डं मिळून मर्यादा दोन लाख. महिन्याचा खर्च ३५ हजार, म्हणजे साडेसतरा टक्के वापर. जुनं कार्ड आज बंद केलं तर मर्यादा उरते ८० हजार आणि तोच ३५ हजारांचा खर्च जवळपास ४४ टक्के दिसतो. तुम्ही एक रुपयाही जास्त उधळला नाही, पण कागदावर तुम्ही उधारीवर जास्त अवलंबून असलेले गिऱ्हाईक झालात. हा वापर तीस टक्क्यांच्या आत असावा असं साधारण मानतात. तुम्ही आत्ता आत आहात, बंद केल्यावर बाहेर जाल. आणि हे नेमकं कर्जाच्या अर्जाआधी होईल.

मित्र सांगतो त्यात एक गोष्ट मात्र अर्धवट आहे. कार्ड बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी २०१४ पासूनचा इतिहास पुसला जात नाही. बंद झालेलं खातं रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ म्हणून पुढची काही वर्षं दिसत राहतं. त्यामुळे ‘जुनं कार्ड जन्मभर बंद करू नये’ हा जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो मी कुणाला देत नाही. तुमच्या बाबतीत अडचण कार्डाच्या वयाची कमी आणि वापराच्या टक्क्याची जास्त आहे.

याची किंमत रुपयांत किती? बऱ्याच बँका घरकर्जाचा दर सिबिल स्कोअरच्या पट्ट्यांप्रमाणे ठरवतात. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, आणि वरच्या पट्ट्यातून खालच्यात घसरलात तर दर थोडा चढतो. समजा पाव टक्का चढला, साडेआठऐवजी पावणेनऊ झाला. २५ लाख, वीस वर्षं, तर हप्ता साधारण २१,७०० वरून २२,१०० च्या आसपास जातो. महिन्याला चारशे, वर्षाला पावणेपाच हजार, आणि हे पुढे कितीतरी वर्षं. पट्टा घसरेलच असं मी म्हणत नाही, कदाचित घसरणारही नाही. पण या वर्षाची फी तर लागून गेलीच आहे. मग आठ महिने ते कार्ड कपाटात राहू द्यायला वेगळा पैसा पडत नाही. म्हणून माझं मत: घरकर्ज मंजूर होऊन त्या पैशांचा पहिला टप्पा हातात येईपर्यंत ठेवा, त्यानंतर बंद करा.

वर्षात एक लाख खर्च केले तर फी माफ, अशी अट तुमच्या कार्डाला असेल तर तिच्या मागे लागू नका. ती सवलत पुढच्या फीसाठी असते. तोवर कार्डच नसणार. लाख पुरे करायच्या नादात नको ती खरेदी होते.

हे सगळं एका गोष्टीवर टिकून आहे, आणि ती तुम्ही पत्रात सांगितलेली नाही. प्लॉटची कागदं कशी आहेत? मच्छे, पिरनवाडी या पट्ट्यात एनए झालेले, ले-आउट मंजूर असलेले प्लॉट आहेत, आणि शेतजमिनीत गुंठ्याने पाडून बाँडवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) लिहून दिलेलेही आहेत. तुमचा पहिल्या प्रकारचा असेल, खरेदीपत्र रजिस्टर असेल, ई-खाता (मालमत्तेचा सरकारी उतारा) तुमच्या नावावर निघत असेल, तर वरचा सगळा हिशेब लागू. बाँडवरचा असेल तर राष्ट्रीयीकृत बँक त्यावर घरकर्ज देणार नाही, मग स्कोअर कितीही असो. अशा वेळी लोक सोसायटीकडे किंवा सौहार्द सहकारी संस्थेकडे वळतात. तिथे व्याज साधारण जास्त असतं, आणि सिबिलपेक्षा जामीनदार कोण आहे, संचालकांशी ओळख किती आहे याला वजन असतं. तुमची गाडी त्या वाटेने जाणार असेल तर कार्ड राखून ठेवायचं कारणच उरत नाही, फी भरून याच महिन्यात बंद करा. पण तसं असेल तर कार्डाआधी प्लॉटच्या कागदांसाठी चांगला वकील गाठा, तिथे लाखांचा प्रश्न आहे.

वहिनींचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०१९ मध्ये काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: बिलातली कमीत कमी रक्कम, म्हणजे ‘मिनिमम ड्यू’, तेवढीच भरत राहिलं की उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या घरात एकदा असं झालंय तिथे कार्डाची धास्ती असणं शहाणपणाचंच आहे. त्यावर तोड अशी: बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बंद करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेने ही सोय देणं बँकांना बंधनकारक केलंय. कार्ड वहिनींकडेच राहू द्या. आणि अजूनही दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नसेल, मला लिहिताना तेवढं चांगलं चित्र रंगवलं असेल, तर माझा वरचा सल्ला विसरा आणि कार्ड बंद करा. साडेतीन टक्के महिना व्याजापुढे पाव टक्क्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

ठेवताना एक काळजी घ्यायची. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करायची प्रक्रिया बँकेने सुरू करायची असते. आधी तुम्हाला कळवायचं, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तुम्हाला कळवायचं पत्र कुठे जाईल? चाकणच्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. तेव्हा आधी पत्ता आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. पुण्यातला जुना सिम अजून चालू आहे ना हेही बघा, ओटीपी त्याच्यावरच येतो. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि आधारवर ‘बेळगावी’ असा फरक असतो, २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं म्हणून. पिनकोड जुळत असेल तर सहसा अडत नाही, तरी बदलाच्या अर्जात आधारवर आहे तसंच लिहा. पत्ता बदलला की एकदा हेस्कॉमचं विजेचं बिल त्या कार्डावर भरा (तेवढ्यापुरते ऑनलाइन व्यवहार चालू करून) आणि चार दिवसांत कार्डाचं बिल चुकतं करा. बस्स, तेवढा वापर पुरे.

दुसऱ्या कार्डाचंही एक सोपं काम आहे. बिल तयार व्हायच्या दोन-तीन दिवस आधी निम्मी-अधिक रक्कम भरून टाकत जा. ब्युरोला जी बाकी कळवली जाते ती कमी दिसते. आणि या आठ महिन्यांत नवीन कार्ड, दिवाळीचा फ्रिज हप्त्यावर, ॲपवरचं झटपट कर्ज, यातलं काहीही नको. प्रत्येक अर्जाबरोबर तुमच्या रिपोर्टमध्ये चौकशीची एक नोंद पडते. कर्जात वहिनी सहअर्जदार असणार असतील तर त्यांचाही रिपोर्ट आत्ताच काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

बांधकामाचं कर्ज पाया, स्लॅब असं टप्प्याटप्प्याने सुटतं. मंजुरीचं पत्र आलं म्हणून त्याच दिवशी कार्ड बंद करू नका, बँक पैसे सोडायच्या आधी पुन्हा रिपोर्ट बघू शकते. पहिला टप्पा खात्यात आला की मग. त्यासाठी पुण्याच्या शाखेत जायची किंवा पोस्टाने अर्ज पाठवायची गरज नाही. हेल्पलाइन, ईमेल, ॲप, वेबसाइट यातल्या कशानेही विनंती करता येते, आणि पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. मी ईमेल करायला सांगेन. फोनवरच्या मुलाशी हिंदी-इंग्रजीत हुज्जत घालण्यापेक्षा लेखी पुरावा बरा, शिवाय कार्ड सोडू नका म्हणून ऑफर ऐकवायचं त्याचं कामच असतं. त्याआधी कार्डाला जोडलेले फास्टॅग, विमा, रिचार्जचे ऑटो-पे काढा, रिवॉर्ड पॉइंट साठले असतील तर वापरून टाका, आणि बाकी शून्य आहे असं शेवटचं स्टेटमेंट हातात घ्या.

बाकी शून्य असताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. हा नियम ईमेलमध्ये आधीच लिहून टाका, काम लवकर होतं असा अनुभव आहे. तक्रार करूनही तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघा: त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य असं हवं. ‘सेटल्ड’ लिहिलेलं दिसलं तर लगेच बँकेला आणि ब्युरोला, दोघांनाही लेखी कळवा. त्या शब्दाचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे न देता तडजोड केलीत असा घेतला जातो, आणि तुमच्या बाबतीत ते खरं नाही.